खळीनं चिकटवलेली लेबलं

तळघरात छत्तीस बाटल्या होत्या आणि निर्णयाला चौदा दिवस उरले होते.

बाटल्या लाल वाइनच्या, तीन लाकडी पेट्यांत, बारा-बारा. पहिली पेटी सव्वीस वर्षांपूर्वीच्या द्राक्षांची, दुसरी एकवीस, तिसरी नऊ. वडिलांनी त्या एकेक करून घेतल्या आणि स्वतः आयुष्यभर चहाच प्यायले. ते बाइंडर होते, पुस्तकं बांधायचे. त्यांच्याकडून दरपत्रकं बांधून घेणारा एक वाइनचा व्यापारी होता. तो म्हणाला, “ही पेटी घ्या, तळघरात टाका आणि विसरून जा.” वडिलांनी घेतली, तळघरात ठेवली. विसरणं मात्र त्यांना जमण्यातलं नव्हतं.

तळघराची जागा आयतीच रिकामी होती. तिथं बारा महिने गारवा आणि ओल. कागद तिथं ठेवला तर महिन्याभरात बुरशी धरायचा. बाटल्यांना मात्र ती हवा मानवली.

वडील वर्षापूर्वी गेले. वाटणी त्यांनी सरळ करून ठेवली होती. राहतं घर थोरल्या मुलाला, बाइंडिंगचा कारखाना आणि त्यातली यंत्रं धाकट्या मुलीला, वाइन दोघांत, ‘एकमतानं’. हा शेवटचा शब्द त्यांनी अधोरेखित केला होता, पट्टी लावून.

कारखाना म्हणजे तळमजल्यावरची एक लांब खोली आणि तिच्याखालचं तळघर. जागा भाड्याची. घरमालकिणीनं ती विकायला काढली होती. भाडेकरूचा हक्क पहिला म्हणून तिनं महिनाअखेरची मुदत दिली होती. त्यानंतर एक जण रोख रक्कम घेऊन तयार होता. त्याला तिथं मोटारी धुण्याचं केंद्र काढायचं होतं. धाकटीला दुसरी जागा मिळाली असती. अडचण दाबयंत्राची होती. शिवलेली पुस्तकं ज्यात रात्रभर दाबून ठेवतात ते ओतीव लोखंडाचं यंत्र साठ वर्षांपूर्वी आत आणलं, जमिनीत बोल्ट मारून बसवलं, आणि मग कुणीतरी पुढची भिंत वाढवून दार अरुंद केलं. आता ते बाहेर काढायचं तर तुकडे करूनच. एका भंगारवाल्यानं दारातूनच त्याच्या वजनाचा अंदाज सांगितला होता. धाकटीनं त्याला बसा म्हटलं नव्हतं.

तेव्हा प्रश्न सोपा होता. बाटल्या विकल्या तर जागा राहणार होती. ठेवल्या तर जागा जाणार होती, आणि तिच्याबरोबर दाबयंत्र. धाकटीचं मत पहिल्या दिवशीच ठरलं होतं. थोरल्याचं वळवायचं होतं.

थोरला विमा कंपनीत जोखीम मोजायचा. रविवारी सकाळी तो बायकोला घेऊन कारखान्यात आला, पुठ्ठे कापायच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि एक चढती रेघ दाखवली.

“हे बघ टाचणी.” लहानपणी ती बारीक होती आणि टोचून बोलायची. बारीकपणा गेला, नाव राहिलं. “आठ वर्षांत भाव दुप्पट. ही रेघ अशीच गेली तर सहा वर्षांत अजून निम्म्यानं वाढेल. धावत्या गाडीतून उडी कशाला मारायची?”

“गाडी कुठवर जाणार ते ड्रायव्हरला विचारलंस?”

“म्हणजे?”

“म्हणजे ही रेघ काढताना एक तरी बाटली उघडली होती का?”

“अगं, बाटली उघडून गुंतवणूक करतात का कुणी!”

“मी शिलाई बघितल्याशिवाय पुस्तकाचा दर सांगत नाही.”

वहिनी स्टुलावर बसून चामड्याचे तुकडे रंगानुसार लावत होती. तिला या दोघांची सवय होती. “मी एक विचारू? छत्तीस बाटल्यांत एखादी प्यायची असते की नाही?”

“नाही,” दोघं एकदम म्हणाले. त्या दिवसातलं ते पहिलं एकमत.

थोरला कंजूष नव्हता. जागा घ्यायची तर ती दोघांच्या नावावर घेऊ, माझा वाटा त्यात घाल, हे त्यानंच सांगितलं होतं. त्याचं म्हणणं एवढंच की खोल्या जगात पुष्कळ मिळतील, या बाटल्या पुन्हा मिळणार नाहीत. धाकटीचं म्हणणं नेमकं उलटं. शेवटी असं ठरलं की आधी भाव तर कळू दे.

फोटोंवरून एका लिलावगृहानं आकडा कळवला होता. तिन्ही पेट्यांना मिळून जागेची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. लिलावाला वेळ लागतो, पण ते थेट खरेदीही करायचे. मंगळवारी त्यांच्या पारखी बाई तपासायला आल्या. साठीच्या, पायात सपाट बूट, हातात स्वतःचा दिवा आणि भिंग. तळघराच्या पायऱ्या उतरताच त्यांनी आधी हवा हुंगली आणि म्हणाल्या, “छान.” पुढचा तासभर तपासणी चालली. एकेक बाटली उचलायच्या, दिव्यापुढे धरायच्या, बूच आणि वाइन यांच्यामधली मोकळी जागा बघायच्या, लेबलावरून बोट फिरवायच्या आणि बाटली होती त्याच खाचेत परत ठेवायच्या.

सगळ्या बघून झाल्यावर त्या पहिल्या पेटीतल्या सातव्या बाटलीकडे परत आल्या आणि लेबलावर बोट ठेवलं.

“ही लेबलं कुणी चिकटवली?”

“कुठली?”

“जुन्या पेटीतली सात, मधल्या पेटीतली चार. काम फार सुरेख आहे. पण हा गोंद वाइन बनवणाऱ्यांचा नाही.”

धाकटीनं भिंग घेतलं. बघायची गरज नव्हती. लेबलाच्या कडेशी केसाइतकी पांढरट रेघ होती. खळ. गव्हाच्या पिठाची, गाळून घेतलेली, कारखान्यात आजही आठवड्यातून दोनदा शिजणारी. ओलीनं लेबलांचे कोपरे सुटले असणार, आणि सुटलेला कोपरा बघून हात खिशात ठेवणं वडिलांना शक्य नव्हतं. ते डॉक्टरकडे गेले तरी रांगेत बसून टेबलावरच्या मासिकांच्या पाठी चिकटवून यायचे.

“आमच्या बाबांनी,” ती म्हणाली.

“मला पटतंय. पण माझ्या खरेदीदाराला कसं पटवू?” पारखी बाई दिवा बंद करत म्हणाल्या. “साध्या बाटलीवर महागाचं लेबल चढवणारे लोक आहेत, आणि ते इतकंच सुरेख चढवतात. लेबल एकदा उचकटलेलं दिसलं की आतली वाइन कुठली, हा प्रश्न येतोच. शंका अकरांवर असली तरी पेटी सगळी संशयात. मी निम्म्याच्या थोडं वर देऊ शकेन.”

निम्म्याच्या थोडं वर म्हणजे जागा नाही.

संध्याकाळी थोरला ऑफिसातून परस्पर आला. हकीकत ऐकून त्यानं कपाळाला हात लावला आणि मग हसू लागला. “बाबांनी दुरुस्त केली! जगात हे फक्त आपल्याच घरात होऊ शकतं. लोक वाइन पितात, विकतात, फोडतात. आपण बाइंड करतो.”

“हस.”

“आता तर विकायचा प्रश्नच नाही, टाचणी. पडत्या भावात कोण विकतं? भाड्याच्या गोदामात ठेवू. सहा वर्षं जाऊ देत.”

“सहा वर्षांनी खळ जाईल?”

धाकटी उठली आणि मागच्या फळीवरून कामाच्या वह्या काढू लागली.

बाइंडर म्हणून वडिलांची एक रीत होती. पुस्तक दुरुस्त केलं की ते अस्तराच्या कागदामागे, खळ लावण्याआधी, मऊ पेन्सिलीनं कामाचा क्रमांक लिहायचे. तोच क्रमांक वहीत, आणि त्यापुढे काय बिघडलं होतं, काय केलं, काय केलं नाही. पन्नास वर्षांनी दुसऱ्या कुणी ते पुस्तक उघडलं तर त्याला कळावं की आधीच्यानं कुठे हात लावलाय. गिऱ्हाइकाला हे कधीच दिसायचं नाही. धाकटी सतराव्या वर्षापासून तसंच करत आली होती. त्यामुळे बाटल्यांच्या नोंदी वहीत असतील का, असं तिच्या मनात आलंच नाही. कुठल्या वहीत असतील, एवढंच बघायचं होतं.

तिसऱ्या वहीत सापडल्या. अकराच्या अकरा. शिवाय मागच्या पानांवर दर सोमवारचं तळघराचं तापमान आणि ओल, चोवीस वर्षांची, शेवटच्या वर्षाची धाकटीच्या अक्षरात, आणि दर वर्षाच्या शेवटी प्रत्येक पेटीतल्या पहिल्या बाटलीत बुचाखाली किती जागा रिकामी आहे, ते मिलिमीटरमध्ये.

थोरल्यानं चष्मा कपाळावरून खाली घेतला. आकडे बघून तो सावरून बसला. “हे कधी केलं त्यांनी?”

“तू फोनवर ‘बाबा काय करताय’ विचारायचास आणि ते ‘काही नाही’ म्हणायचे, तेव्हा. हे बघ. जुनी पेटी. पहिल्या वीस वर्षांत रिकामी जागा सात मिलिमीटरनं वाढली. मागच्या तीन वर्षांत तीन. बूच थकलंय.”

“तीन आकड्यांवरून निष्कर्ष काढत नाहीत.”

“मग चौथा काढू. बाटली उघडून.”

थोरल्यानं वहीवरून मान वर केली. “उघडली की पेटी फुटली. बाराच्या पेटीला जो जास्तीचा भाव मिळतो तो गेला. आणि खराब निघाली तर?”

“तर तुझी रेघ सहा वर्षांनी खोटी ठरायची ती आत्ता ठरेल.”

“आणि चांगली निघाली? चांगली आणि अजून वाढणारी? त्या बाई म्हणाल्या की हिला थांबू द्या, तर?”

“तर थांबू. मी महिनाअखेरला सामान बांधीन.”

“दाबयंत्र?”

“भंगारवाल्याचा नंबर आहे माझ्याकडे.”

हे तिनं ज्या आवाजात सांगितलं त्यात गंमत नव्हती. थोरल्यानं वही मिटली, पुन्हा उघडली, मिलिमीटरची ओळ बोटानं खालपर्यंत वाचली. “ठीक आहे. पण शब्द पाळायचा, रडारड नाही.”

“शेवटचं कोण रडलं होतं? सायकल तुझी चोरीला गेली होती.”

शुक्रवारी दुपारी पारखी बाई पुन्हा आल्या. धाकटीनं टेबल मोकळं करून ठेवलं होतं. त्यावर कोमट पाण्याची वाटी, टिपकागद, हाडाची पातळ पट्टी आणि तिसरी वही. थोरला भिंतीला टेकून उभा होता. वहिनी चहाचे चार ग्लास घासून घेऊन आली होती, कारण कारखान्यात दुसरे नव्हते.

“अकरापैकी कुठलीही सांगा,” धाकटी म्हणाली.

पारखी बाईंनी जुन्या पेटीतली एक दाखवली. वरची ओळ, डावीकडून तिसरी. “ही.”

धाकटीनं वहीत बोट ठेवलं आणि लेबलाला हात लावण्याआधी वाचून दाखवलं. “वरची ओळ, डावीकडून तिसरी. काम क्रमांक दोन हजार सातशे एक. लेबल मूळचंच, डावी कड सुटलेली, पूर्ण काढून पुन्हा लावलं. उजवा खालचा कोपरा आधीपासून नाही. भरला नाही.”

“भरला नाही,” पारखी बाई पुटपुटल्या. त्यांनी भिंग लावलं. कोपरा नव्हता. नखाएवढी काच उघडी होती. “खोटं करणारा हा आधी भरतो.”

“बाबा नसलेलं काही जोडायचे नाहीत. असलेलं टिकवायचे.”

तिनं टिपकागद भिजवला, पिळला आणि लेबलावर ठेवला. चार मिनिटं थांबायचं होतं. बाहेर एक ट्रक मागे घेत होता, त्याचं टूं-टूं तेवढं आत येत होतं. मग तिनं कडेखाली पट्टी सरकवली. घाई नाही, जोर नाही. ओली खळ सुटते तेव्हा हाताला एक सैलपणा कळतो. तो कळल्यावरच ती पुढे जायची. लेबल अख्खं आलं. तिनं ते कोरड्या टिपकागदावर पालथं ठेवलं.

पाठीमागे पेन्सिलीनं, बारीक, सरळ अक्षरात लिहिलेलं होतं. २७०१.

थोरला भिंतीपासून पुढे आला. बघता बघता त्याचा हात आकड्याकडे गेला.

“ओलं आहे,” धाकटी म्हणाली. त्यानं हात मागे घेतला.

“आता आतलं,” पारखी बाई म्हणाल्या. “बुचावर वर्ष छापलेलं असतं. ते बाहेर काढल्याशिवाय वाचता येत नाही. उघडायची आहे ना नक्की?”

धाकटीनं थोरल्याकडे पाहिलं. एकमत हवं होतं.

“उघडा,” तो म्हणाला.

पारखी बाईंनी पत्र्याची टोपी कापली आणि दोन पात्यांच्या चिमट्यानं बूच हळूहळू फिरवत वर आणलं. जुनं बूच तुटतं. हे तुटलं नाही. पण खालून दोन तृतीयांश काळपट भिजलेलं होतं. त्यांनी ते दिव्याखाली धरलं. मळ्याचं नाव, खाली वर्ष. सव्वीस वर्षांपूर्वीचं.

त्यांनी स्वतःसाठी पिशवीतून पातळ काचेचा पेला काढला. बाकीच्यांना चहाच्या ग्लासात बोटभर ओतली. रंग कडेला विटेसारखा झाला होता. बाईंनी बराच वेळ नाक पेल्यात ठेवलं. थोरला त्यांच्या चेहऱ्याकडे एकटक बघत होता. धाकटीनं आपला ग्लास उचलला, वास घेतला आणि हसली.

“काय?” थोरला म्हणाला.

“चामडं. जुन्या पुस्तकाची पाठ सोलून काढताना येतो ना, तो वास.”

“मला ओल्या कपाटाचा येतोय.”

“मला तर आवडली,” वहिनी म्हणाली आणि ग्लास पुढे केला. “थोडी अजून चालेल. सासऱ्यांनी चोवीस वर्षं जपली, मला चोवीस सेकंदं तरी पुरू दे.”

पारखी बाईंनी घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. मग त्यांनी पेला खाली ठेवला. “वाइन उत्तम आहे. सांभाळलीय त्याहून उत्तम. पण हिचे दिवस हेच. हिच्यात अजून काही यायचं राहिलेलं नाही. दोन वर्षं, फार तर तीन, अशीच राहील. मग उतरू लागेल. बुचाकडे बघता मी दोन म्हणेन.”

“आणि मधली पेटी?” थोरल्यानं विचारलं. आवाज कोरडा होता, पण तो प्रश्न नीट विचारायचा.

“तिच्या बाटल्या मी दिव्यापुढे बघितल्या आहेत. तिला चार-पाच वर्षं. नऊ वर्षांची जी आहे तिला मात्र हात लावू नका. ती अजून शाळेत जातेय. तिला पंधरा द्या.”

थोरल्यानं मान हलवली. सहा वर्षांची रेघ दोनवर तुटली होती. ते त्यानं मनातल्या मनात मांडून पाहिलं असावं, कारण थोड्या वेळानं तो बहिणीकडे वळला. “चौथा आकडा धरला पाहिजे.”

“धर.”

“विक. तूच बोल. मी मध्ये पडणार नाही.”

धाकटीनं स्टूल ओढलं आणि पारखी बाईंसमोर बसली. “दोन पेट्या देते, जुनी आणि मधली. तेवीस बाटल्या. अकरा लेबलं दुरुस्त केलेली आहेत हे कागदावर लिहा, लपवू नका. सोबत वहीतल्या त्या पानांच्या सही केलेल्या प्रती देते, चोवीस वर्षांच्या सोमवारांसकट. तिसरी पेटी विकायची नाही.”

“दुरुस्तीचं थोडं कापावं लागेल. आणि पेटी फुटल्याचं.”

“थोडं म्हणजे?”

बाईंनी आकडा सांगितला. धाकटीनं मान नकारार्थी हलवली आणि जागेची किंमत सांगितली, बरोबर तेवढीच, ना एक वर ना एक खाली.

“हा आकडा कुठून आणलात?”

“घरमालकिणीकडून.”

पारखी बाई पहिल्यांदाच मोकळेपणानं हसल्या. “निदान खरं तरी सांगता.” त्यांनी वही पुन्हा ओढली, सोमवारची पानं चाळली. एका पानावर त्या थांबल्या. तिथं तापमानापुढे लिहिलं होतं, ‘ताप असल्यामुळे मंगळवारी पाहिलं.’ त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. “मी तीस वर्षं लोकांना विचारतेय, कशी ठेवली होती? सगळे म्हणतात, नीट ठेवली होती. कागद कुणी दाखवला नव्हता.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “द्या. तुमचाच आकडा.”

बुधवारी पेट्या गेल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी जागेचे कागद झाले, मुदतीच्या तीन दिवस आधी. नोंदणीचा खर्च धाकटीच्या शिलकीतून गेला. मोटारी धुणाऱ्याला घरमालकिणीनं दुसरीकडचा पत्ता दिला.

सोमवारी सकाळी थोरला दारात उभा. हातात डबा, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र.

“काय रे?”

“मालक म्हणून आलोय. निम्मी जागा माझी आहे.”

“मग निम्मा केर काढ.”

“केर नंतर. सोमवार आहे. आकडा कुणी लिहिला?”

“अजून नाही. मी खळ शिजवतेय.”

“मी लिहितो. दर सोमवारी मीच लिहीन, ऑफिसच्या वाटेवरच आहे.” खरं तर ते वाटेवर नव्हतं, दोन चौक उलटे यावे लागायचे. तिनं वही आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली.

तो खाली गेला. तळघरात आता एकच पेटी होती, आणि तिच्या शेजारी एक रिकामी बाटली. तिला धाकटीनं लेबल परत लावलं होतं. मग तो वर आला आणि वही तिच्यापुढे धरली.

वडिलांच्या शेवटच्या ओळीखाली वर्षभराच्या सोमवारांची धाकटीच्या अक्षरातली पानं होती, आणि त्यांच्याखाली थोरल्याचं गिचमिड. तापमान, तेरा पूर्णांक चार.

“दादा, त्या तापमापकावर दशांश नाहीत.”

“दोन रेघांच्या मध्ये होतं. मी अंदाज केला.”

“नसलेलं काही जोडायचं नाही.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग वहीकडे. पेन्सिल उलटी केली आणि पूर्णांक चार खोडून टाकलं. धाकटीनं खळीखालचा गॅस बंद केला आणि दाबयंत्राचं चाक फिरवायला घेतलं.